निरोप आणि निरोप्या



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला एकदा एक प्रश्न विचारला होता. मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो होतो आणि सर निवृत्त होऊन गावी परतले होते. अरबस्तानाच्या इतिहासावरचा माझा एक लेख त्यांनी वाचला होता. ओटीवर चहा झाला आणि ते म्हणाले, "तू सारखा पैगंबर, पैगंबर असं लिहितोस. आमच्या वाचकानं काय समजायचं? अवतार? ऋषी? संत?" मी म्हणालो, "सर, तिन्ही नाहीत." त्यावर ते म्हणाले, "कोण नाही ते कळलं. कोण आहे ते सांग."

मला त्या दिवशी धड सांगता आले नाही. त्यानंतर तीस वर्षे मी हा विषय वाचत आलो. आज सर ऐकायला नाहीत, पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले आहे, म्हणून हा विषय निवडला.

शब्दांपासून सुरुवात करू, कारण सर मराठीचे शिक्षक होते आणि त्यांनीही तिथूनच केली असती. 'पैगंबर' हा शब्द फारसीतून मराठीत आला. 'पैगाम' म्हणजे निरोप, 'बर' म्हणजे वाहून नेणारा. 'प्रेषित' हा आपला संस्कृत शब्द, अर्थ 'पाठवलेला'. अरबीतल्या 'रसूल' या शब्दाचा अर्थही अगदी हाच. आणि 'नबी' हा शब्द ज्या धातूशी जोडला जातो त्याचा अर्थ खबर, वार्ता. धर्मशास्त्री नबी आणि रसूल यांत फरक करतात: प्रत्येक रसूल हा नबी असतो, पण प्रत्येक नबी रसूल असतोच असे नाही. रसूलाकडे एखाद्या लोकसमूहापर्यंत संदेश नेण्याची खास कामगिरी असते. पण हे चारही शब्द शेजारी ठेवून पाहा. भविष्य वर्तवणे यांपैकी एकाही शब्दात नाही. एक पाठवणारा आहे, एक निरोप आहे, आणि तो पोचवणारा एक माणूस आहे. आपल्या बोलीत त्याला निरोप्या म्हणतात. हा साधा शब्द मी आदरानेच वापरतो आहे. इस्लाममधली नबुव्वतीची, म्हणजे पैगंबरपणाची, कल्पना मला समजली ती याच शब्दाच्या आधाराने.

आमच्या लहानपणी वाडीत फोन नव्हता. आजी मला निरोप देऊन पाठवायची आणि निघण्यापूर्वी उंबऱ्यातच थांबवायची. "काय सांगशील ते म्हणून दाखव बघू." मी म्हणून दाखवायचो, मगच सुटका. एकदा मी दोन शब्द पदरचे घातले. 'सवड झाली की येऊन जा' असा निरोप होता, आणि मी सांगितले, 'ताबडतोब बोलावलंय.' समोरच्या घरातली माणसे चुलीवरचे तसेच टाकून धावत आली. आजी मला मारायला उठली नाही. एवढेच म्हणाली, "निरोप तुझा नव्हता."

कुराणात हीच गोष्ट फार कठोरपणे येते. 69 व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, खुद्द मुहम्मद पैगंबरांविषयी असा इशारा आहे की त्यांनी आपल्या मनचे काही रचून अल्लाहच्या नावावर घातले असते, तर त्यांची जीवननाडीच तोडली गेली असती. आणि 75 व्या सूरेत याची दुसरी, फार हळवी बाजू दिसते. वही, म्हणजे अल्लाहकडून येणारा संदेश, उतरत असताना एखादा शब्द निसटेल या धास्तीने पैगंबर घाईघाईने जीभ हलवत. त्यांना समजावले जाते की घाई करू नकोस, ते जमवून देण्याची आणि तुझ्याकडून म्हणवून घेण्याची जबाबदारी आमची आहे. परंपरा असेही सांगते की दर रमजानमध्ये ते जिब्रील या फरिश्त्यासमोर तोवर उतरलेले कुराण म्हणून दाखवत, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी दोनदा म्हणून दाखवले. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या घराचा उंबरा आठवला.

आता पहिला निरोप जिथे आला त्या हिराच्या गुहेकडे येऊ. मक्केच्या बाहेर जबल-ए-नूर नावाचा खडकाळ डोंगर आहे, त्याच्या माथ्याजवळ ही लहानशी गुहा. साल 610, महिना रमजान. चाळिशीतले एक व्यापारी गृहस्थ तिथे एकांतासाठी जात असत. त्या रात्री जे घडले त्याची सुरुवात 'वाच' या आज्ञेने झाली, आणि ज्यांना ती झाली त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. हे सगळ्यांना माहीत असते. त्यानंतरचे तितके सांगितले जात नाही. पैगंबर डोंगर उतरून घरी आले ते थरथरत. पत्नी खदीजा यांना म्हणाले, मला पांघरूण घाला. त्यांना आपल्या जिवाची, आपल्या भानाची भीती वाटली होती. प्रकाशाने उजळलेला चेहरा, आकाशातून फुले, असे काही या कथेत नाही. आहे तो घाबरलेला माणूस आणि त्याला धीर देणारी बायको.

आणि त्या धीरात खदीजांनी जो युक्तिवाद केला, तो मला या संपूर्ण विषयाचा पाया वाटतो. अल्लाह तुम्हाला कधी तोंडघशी पाडणार नाही, असे त्या म्हणाल्या, आणि त्याची कारणे दिली. तुम्ही नातीगोती सांभाळता, दुबळ्यांचे ओझे उचलता, ज्याच्याकडे काही नाही त्याला देता, पाहुण्याचा सत्कार करता, संकटात सापडलेल्याच्या पाठीशी उभे राहता. पैगंबरपणाच्या बाजूने मांडलेला हा इतिहासातला पहिला पुरावा. चंद्र दुभंगल्याची किंवा काठीचा साप झाल्याची गोष्ट त्यात नाही. पंधरा वर्षे एका घरात राहून पाहिलेले वागणे तेवढे आहे. नंतर त्या त्यांना आपले वृद्ध, अंध चुलतभाऊ वरका इब्न नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. वरका ख्रिस्ती धर्म मानणारे होते. मूसांकडे, म्हणजे मोझेसकडे, जो फरिश्ता आला होता तोच हा, असे त्यांनी ओळखले आणि पुढे सांगितले की तुझेच लोक तुला हाकलून देतील. मग काही काळ वही थांबली. आलेला निरोप खरा होता की भास, या विचाराने पैगंबर व्याकूळ झाले. 93 वी सूरा त्या व्याकुळतेवरची फुंकर आहे.

मक्केत त्यांना 'अल-अमीन' म्हणत, विश्वासू. 622 मध्ये ज्या रात्री त्यांना मक्का सोडून मदिनेकडे निघावे लागले, त्या रात्री मक्केच्या कुरैश टोळीतल्या काही लोकांच्या ठेवी त्यांच्याकडेच होत्या. जिवावर उठलेल्यांचा पैसाअडका त्यांच्याच घरात सुरक्षित होता. त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी चुलतभाऊ अलींना मागे ठेवले. कुराणाच्या 26 व्या सूरेत नूह, हूद, सालेह, लूत आणि शुऐब हे पाच पैगंबर एकामागून एक येतात आणि आपापल्या लोकांना जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात की मी तुमच्यासाठी विश्वासू रसूल आहे आणि या कामाचा मोबदला मी तुमच्याकडे मागत नाही. 'अमीन' हाच शब्द तिथे येतो. ठेव आणि निरोप यांचा धर्म एकच आहे: दुसऱ्याची वस्तू, जशीच्या तशी, ज्याची त्याला.

सरांच्या प्रश्नातला पहिला शब्द होता अवतार. तिथे जरा थांबू, कारण गैरसमज सर्वांत जास्त तिथेच होतो. मक्केच्या लोकांचा आक्षेप कुराणानेच नोंदवून ठेवला आहे. हा कसला पैगंबर, हा तर जेवतो आणि बाजारात फिरतो, असे ते म्हणत. फरिश्ता का आला नाही? त्यावर कुराणाचे उत्तर सरळ आहे. पृथ्वीवर फरिश्ते चालत-फिरत असते तर फरिश्ता पाठवला असता. इथे माणसे राहतात, म्हणून माणूस पाठवला. पैगंबरांना हे पुनःपुन्हा जाहीर करायला सांगितले जाते की मी तुमच्यासारखाच माणूस आहे, फरक एवढाच की माझ्याकडे वही येते. यासाठी कुराणातला शब्द 'बशर', हाडामांसाचा माणूस. महात्मा जोतीराव फुल्यांनी पैगंबरांवर जी पद्यरचना केली तिचे नाव त्यांनी 'मानव महंमद' असे ठेवले. फुल्यांनी ते नाव आपल्या विचाराने ठेवले असेल, पण इस्लामच्या गाभ्यातला शब्द त्यांच्या हाती बरोबर लागला.

माणूसपणाचे हे तत्त्व परंपरेने नुसते सांगून सोडले नाही, प्रसंगांत जपून ठेवले. आपल्यापैकी शेतकरी कुटुंबातल्या लोकांना भावेल असा एक प्रसंग. मदिनेचे लोक खजुराच्या झाडांचे परागीकरण हाताने करत, नराचा तुरा मादीच्या तुऱ्यात खोवून. पैगंबर मक्केचे, व्यापारी घरातले. त्यांनी ते पाहिले आणि याची गरज असेलसे वाटत नाही, असे काहीतरी बोलले. लोकांनी ते काम सोडून दिले आणि त्या हंगामात फळ नीट धरले नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की तुमच्या व्यवहारातले तुम्हीच जास्त जाणता. धर्माविषयी सांगेन ते घ्या, माझे मत म्हणून सांगेन तेव्हा मीही एक माणूसच आहे. हा प्रसंग हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या, अत्यंत प्रमाण मानलेल्या संग्रहात, सहीह मुस्लिममध्ये आहे. पैगंबराचा अंदाज चुकला ही गोष्ट त्याच्या अनुयायांनीच लिहून ठेवली.

624 साली कुरैशांविरुद्धच्या बद्रच्या लढाईआधीही असेच घडले. तळ कुठे पडला ते पाहून हुबाब नावाचा एक सहकारी पुढे आला आणि त्याने विचारले: ही जागा अल्लाहने सांगितली आहे की हे तुमचे मत आणि डावपेच आहेत? मत आहे, असे उत्तर आले. मग जागा चुकली, हुबाब म्हणाला, पुढच्या विहिरींपाशी चला. आणि तळ हलला. हुबाबचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. निरोप कोणता आणि निरोप्याचे स्वतःचे म्हणणे कोणते, हे विचारण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे, आणि विचारल्यावर राग येत नाही.

याहून पुढचा प्रसंग 80 व्या सूरेतला. पैगंबर कुरैशांच्या बड्या पुढाऱ्यांशी बोलत होते, ते वळतील अशी आशा होती. तेवढ्यात अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हे अंध गृहस्थ मध्येच येऊन काही विचारू लागले. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली. आंधळ्या माणसाला ती आठी दिसणेही शक्य नव्हते. पण वही उतरली ती त्या आठीबद्दल: जो बेपर्वा आहे त्याच्या मागे तू लागतोस, आणि जो तळमळीने धावत आला त्याच्याकडे पाठ करतोस. बहुतेक भाष्यकार हा रोख पैगंबरांकडेच मानतात. पैगंबरांनी ही सूरा लपवली नाही. आजही ती नमाजमध्ये म्हटली जाते. निरोपात स्वतःवरचा ठपका असला तरी तो तसाच सांगायचा, हे या कामाचे सर्वांत अवघड कलम. त्याच अंध गृहस्थांकडे पुढे मदिनेत अजान देण्याचे काम आले, आणि पैगंबर मोहिमेवर जात तेव्हा अनेकदा मदिना त्यांच्यावर सोपवून जात.

आणि 27 जानेवारी 632 चा दिवस. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम दीड वर्षाच्या आसपासचा होऊन वारला होता. बापाचे डोळे वाहत होते. त्याच सुमारास सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, पैगंबराच्या मुलासाठी सूर्य काळवंडला. एखाद्या माणसाला देवत्वाकडे ढकलण्याचा याहून सोपा क्षण मिळायचा नाही. गप्प राहणेही पुरेसे होते. पण ते उठले आणि त्यांनी सांगितले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कुणाच्या मरणामुळे किंवा जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. ज्या माणसाने काही वेळापूर्वी मूल पुरले त्याने हे सांगितले. माझ्या दृष्टीने चमत्कार म्हणायचाच असेल तर हा.

पाच महिन्यांच्या आत ते स्वतः गेले. त्यांचे सहकारी उमर यांच्यासारखा कणखर माणूस ते मानायला तयार होईना. दुसरे निकटचे सहकारी अबू बक्र आले, चेहऱ्यावरचे वस्त्र बाजूला करून त्यांनी पाहिले, बाहेर येऊन लोकांना सांगितले की जो कोणी मुहम्मदांची पूजा करत असेल त्याने समजून घ्यावे की मुहम्मद वारले, आणि जो अल्लाहची करतो त्याचा अल्लाह जिवंत आहे. मग मुहम्मद हे एक रसूलच आहेत, त्यांच्या आधीही रसूल होऊन गेले, या आशयाची कुराणातली आयत म्हटली. उमरना वाटले आपण ती आजच पहिल्यांदा ऐकतो आहोत, आणि त्यांच्या पायांतले बळच गेले.

आधीही रसूल होऊन गेले. आता त्या मालिकेकडे वळतो. कुराणात 25 पैगंबरांची नावे येतात. परंपरेतल्या एका प्रसिद्ध कथनानुसार एकूण संख्या 1,24,000. आकडा अक्षरशः घ्यावा की 'अगणित' या अर्थी, याबद्दल आलिमांत, म्हणजे धर्मपंडितांत, एकमत नाही. पण कुराणाचे म्हणणे स्पष्ट आहे: प्रत्येक लोकसमूहात कोणीतरी पाठवला गेला, काहींच्या कथा सांगितल्या, काहींच्या सांगितल्या नाहीत, प्रत्येक जण आपल्या लोकांच्या भाषेत बोलला, आणि श्रद्धावान माणसाने त्यांच्यात भेद करायचा नाही. म्हणून मुसलमानाला मूसा आणि ईसा (येशू) यांना नाकारून मुसलमान राहता येत नाही. कुराणात मूसांचे नाव सव्वाशेहून अधिक वेळा येते. मुहम्मद हे नाव फक्त 4 वेळा.

या पैगंबरांची चरित्रे बघावीत. मूसांची जीभ अडखळते, म्हणून ते भाऊ हारून सोबत मागतात. निरोप सांगायलाच ज्याला पाठवले त्याला बोलताना अडचण! यूनुस काम टाकून निघून जातात आणि माशाच्या पोटात पश्चात्ताप करतात. नूह साडेनऊशे वर्षे सांगत राहतात आणि शेवटी स्वतःचा मुलगाच नावेत चढत नाही. शुऐब मदयनच्या व्यापाऱ्यांकडे जातात, आणि एका अल्लाहची भक्ती सांगितल्याबरोबर त्यांचा पुढचा आग्रह काय, तर माप पुरे भरा, तराजू सरळ धरा, लोकांना कमी देऊ नका. गावच्या बाजारात काट्याखाली अंगठा दाबणारा दुकानदार ज्याने पाहिला आहे त्याला शुऐब परके वाटणार नाहीत. आद लोकांकडे हूदना पाठवले तेव्हा कुराण 'त्यांचा भाऊ हूद' असे म्हणते, समूद लोकांकडे 'त्यांचा भाऊ सालेह'. निरोप्या घरचाच असतो.

मग साहजिक प्रश्न येतो: हिंदुस्थानात कोणी आले नव्हते का? हा प्रश्न आजचा नाही. इस्लामी कलाम, म्हणजे धर्मतत्त्वचर्चा, यावरच्या जुन्या अरबी ग्रंथांत 'बराहिमा' नावाचा एक पूर्वपक्ष नेहमी येतो. बराहिमा म्हणजे ब्राह्मण. त्यांचे म्हणणे म्हणून असे दिले जाते की पैगंबराने बुद्धीला पटणारे सांगितले तर बुद्धी आहेच, न पटणारे सांगितले तर ते घ्यायचे कशाला? म्हणून पैगंबर अनावश्यक. खऱ्या ब्राह्मणांचे मत यात किती आणि बगदादमधल्या संशयवाद्यांनी पुढे केलेला मुखवटा किती, यावर विद्वान वाद घालतात. पण हजार वर्षांपूर्वी बगदाद आणि बसरा इथे नबुव्वतीचा सर्वांत तर्कशुद्ध विरोधक म्हणून हिंदुस्थानी पंडित उभा केला जात होता, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. 1030 च्या सुमारास अल-बिरूनी या विद्वानाने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला तो मात्र ऐकीव पूर्वपक्षावर नाही, संस्कृत शिकून. त्याचे निरीक्षण असे की हिंदूंचे धर्मनियम ऋषींकडून आले, त्यामुळे विधिनियमांपुरती त्यांना पैगंबरांची गरज भासत नाही. सरांच्या दुसऱ्या शब्दाला, ऋषीला, बिरूनीने अशी जागा दिली होती.

याच्या उलट बाजूने दिल्लीचे नक्शबंदी सूफी मिर्झा मजहर जान-ए-जानाँ यांनी विचार केला. 1781 मध्ये त्यांचे निधन झाले. एका पत्रात ते लिहितात, त्याचा आशय असा: प्रत्येक लोकसमूहात रसूल आला हे कुराणच सांगते, तेव्हा या देशातही आले असले पाहिजेत, त्यांच्याविषयी कुराण मौन आहे, म्हणून आपणही निंदा करण्याऐवजी चांगलाच ग्रह ठेवावा. मौनाचा एवढा उदार अर्थ लावणारी वाक्ये धर्मसाहित्यात थोडी सापडतात. विसाव्या शतकात मौलाना अबुल कलाम आझादांनी 'तर्जुमान-उल-कुरआन'मध्ये हा धागा पुढे नेला: सर्व पैगंबरांचा दीन, म्हणजे मूळ धर्म, एकच, वेगळ्या त्या शरीअती, म्हणजे काळ आणि लोक यांना अनुसरून आलेल्या रीती. हेच मौलाना पुढे 1942 ते 1945 या काळात आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. आपल्याकडच्या साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर लिहिले, विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे सार काढले. हे सगळे एकाच घराच्या वेगवेगळ्या दारांतून आत आलेले लोक आहेत, असे मला वाटते.

तत्त्वज्ञांबद्दल थोडक्यात. फाराबीने सांगितले की तत्त्ववेत्त्याला जे बुद्धीने उमगते तेच पैगंबराच्या कल्पनाशक्तीत प्रतिमांच्या रूपाने उतरते, म्हणून ते सर्वसामान्यांपर्यंत पोचते. गजालींना, 1111 मध्ये ते वारले, हे पुरेसे वाटले नाही. त्यांच्या मते बुद्धीच्या पलीकडे जाणिवेची आणखी एक पायरी आहे. पण एखादा माणूस पैगंबर आहे हे ओळखायचे कसे? गजाली म्हणतात, ज्याला वैद्यक थोडेफार कळते तो मोठा वैद्य त्याच्या कामावरून ओळखतो, तसे. काठीचा साप झाला एवढ्यावर विसंबू नका. खदीजांचेच उत्तर हे, पाचशे वर्षांनी तत्त्वज्ञाच्या भाषेत आलेले.

सरांचा तिसरा शब्द होता संत. इथे कवी आणि विचारवंत इक्बाल यांच्या मदतीशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1930 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या व्याख्यानांतले एक व्याख्यान गंगोहच्या अब्दुल कुद्दूस या सोळाव्या शतकातल्या सूफीच्या उद्गाराने सुरू होते. आशय असा: अरबस्तानचे मुहम्मद सर्वोच्च आकाशापर्यंत गेले आणि परतले, मी तिथे पोचलो असतो तर शपथेवर सांगतो, परतलो नसतो. इक्बाल म्हणतात, सूफीच्या आणि नबीच्या जाणिवेतला फरक इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितला गेला असेल. साक्षात्कारी पुरुषाला तिथली विश्रांती हवी असते. नबी परततो, आणि त्याचे परतणे इतिहासात काहीतरी घडवते. इक्बालांचा हा भेद आपल्या वारकरी संतांना तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तेही लोकांत परतलेच. पण वारकरी संत विठ्ठलाला भेटायला निघतो आणि त्या वाटेवर लोकांना सोबत घेतो. नबीचा प्रवास उलट दिशेने सुरू होतो. त्याला मुक्ती मागायला वेळच मिळत नाही. त्याच्या हातात कोणीतरी काहीतरी दिलेले असते आणि ते ज्याचे आहे तो बाजारात उभा असतो.

मुहम्मद पैगंबरांना कुराण 'खातम-उन-नबिय्यीन' म्हणते. खातम म्हणजे मोहर. लखोट्यावर मोहर लागली की मजकूर पुरा झाला आणि आता त्यात कुणी हात घालायचा नाही. इक्बालांनी याचा फार धीट अर्थ लावला: यापुढे वरून निरोप येणार नाही, याचा अर्थ माणसाने आता बुद्धी, निसर्ग आणि इतिहास वाचून स्वतःच्या पायांवर चालायचे. बहुसंख्य आलिम इतके पुढे जात नाहीत, पण मोहरेवर श्रद्धा सर्वांची आहे. शिया परंपरेत तिच्यानंतर मार्गदर्शनाचे काम इमामांकडे येते. तेही नवी वही आणत नाहीत. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांच्या दाव्यावरून झालेला वाद याच मोहरेभोवतीचा, आणि 1974 मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. धर्मशास्त्रातला मतभेद कितीही मूलभूत असला तरी कोण मुसलमान आणि कोण नाही हे संसदेने ठरवावे, हे मला मान्य नाही.

मोहर लागल्यानंतर जे काम उरले ते निरोप जपण्याचे. पैगंबरांच्या निधनानंतर लवकरच यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले अनेक जण मारले गेले. उमरच्या आग्रहावरून अबू बक्रांनी तरुण जैद इब्न साबितकडे कुराण एकत्र करण्याचे काम दिले. जैद म्हणाले होते की डोंगर हलवायला सांगितला असता तर तो याहून हलका वाटला असता. हदीसचे शास्त्रही यातूनच वाढले. मजकुराआधी इस्नाद, म्हणजे साखळी: मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, त्याला अमक्याने, थेट पैगंबरांपर्यंत. मग त्या साखळीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी. तो खोटे बोलायचा का? म्हातारपणी विसरायला लागला होता का? ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का? 870 मध्ये वारलेले बुखारी आणि त्यांच्यासारखे संग्राहक यासाठी गावोगाव फिरले. निरोप कुणामार्फत आला हे विचारणारी, माणसांच्या चरित्रांची एवढी मोठी नोंद दुसऱ्या कुठल्या परंपरेने ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

शेवटी दोन प्रसंग सांगतो. पहिला 628 सालचा, हुदैबियाचा. मक्केच्या वेशीवर तह ठरत होता. कुरैशांच्या बाजूने सुहैल इब्न अम्र. तहनामा लिहीत होते अली. 'अल्लाहचे रसूल मुहम्मद' असे त्यांनी लिहिताच सुहैलने हरकत घेतली: तुम्ही रसूल आहात हे आम्हाला मान्य असते तर काबागृहापासून तुम्हाला अडवले कशाला असते? नुसते स्वतःचे आणि बापाचे नाव लिहा. पैगंबरांनी अलींना ते शब्द खोडायला सांगितले. अलींचा हात चालेना. मग त्यांनी विचारले, ते शब्द कुठे आहेत ते मला दाखव. दाखवल्यावर त्यांनी आपल्या हाताने ते पुसले आणि तिथे लिहिले गेले: अब्दुल्लाचा मुलगा मुहम्मद. ज्या पदासाठी अठरा वर्षे हालअपेष्टा सोसल्या ते पद कागदावरून त्यांनी स्वतः काढले.

दुसरा प्रसंग मार्च 632 चा, अराफातच्या मैदानातला. मराठीत 'निरोप' या शब्दाला दोन अर्थ आहेत, सांगावा आणि निघतानाचा रामराम. सर असते तर हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला असता. त्या हजला इतिहासात निरोपाचीच हज म्हणतात, आणि त्या दिवशी दोन्ही अर्थ एकत्र आले. माणसे हजारोंनी होती, आवाज सगळ्यांपर्यंत पोचणे शक्य नव्हते. पैगंबर एकेक वाक्य बोलत आणि खणखणीत आवाजाचा एक माणूस ते पुन्हा मोठ्याने उच्चारी. तुमचे रक्त आणि तुमची मालमत्ता एकमेकांसाठी पवित्र आहे. अज्ञानकाळातले खुनांचे सूड रद्द. व्याज रद्द. बायकांच्या बाबतीत अल्लाहचे भय ठेवा. ती वाक्ये पुढे नेणारा तो माणूस होता रबीआ, उमय्या इब्न खलफचा मुलगा. त्याच उमय्याचा, ज्याने बिलाल या हबशी गुलामाला तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर धोंडा ठेवला होता.

बोलणे संपले तेव्हा पैगंबरांनी लोकांना विचारले, मी पोचवले का? मैदानातून होकार आला. त्यांनी बोट आकाशाकडे नेले, मग लोकांकडे वळवले, आणि अल्लाहला साक्षी राहायला सांगितले. मग म्हणाले, जे इथे आहेत त्यांनी जे इथे नाहीत त्यांना सांगावे. रबीआने तेही वाक्य मागच्या रांगांपर्यंत नेले.